फिजिबिलिटी रिपोर्टच्या नावाखाली आमचे ४,४३,००० गेले. छोट्या हॉस्पिटलवाल्यांनी जरूर वाचा

हिशोब आधी सांगते, कारण "गेले असतील थोडेफार" म्हणून आमची समजूत काढणारे खूप भेटले. हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर आपल्याकडे चालेल का, हे तपासणाऱ्या रिपोर्टचे ३०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००. सॉफ्टवेअरचा ॲडव्हान्स २,५९,६००. सर्व्हर, यूपीएस आणि केबलिंगचे १,४८,०००. सॉफ्टवेअर आलं नाही, सर्व्हर आला नाही. रिपोर्ट तेवढा आला. स्पायरल बाइंडिंग केलेला, वर आमच्याच बिल्डिंगचा रंगीत फोटो.

सोलापुरात रेल्वे लाइन्सला आमचं ३० खाटांचं हॉस्पिटल आहे. डॉक्टर, म्हणजे माझे मिस्टर, ओपीडी आणि ओटी सांभाळतात. पैसे, पगार, मेडिकलचा स्टॉक आणि काउंटरवरची भांडणं माझ्याकडे. सॉफ्टवेअरची हौस नव्हती, गरज होती. आमच्याकडे अक्कलकोट-मंगळवेढ्यापासून पार इंडी-विजापूरपर्यंतचे पेशंट येतात. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतली एखादी बाई पहिल्यांदा माहेरच्या नावानं येते, नंतर सासरच्या, आणि तिसऱ्या वेळी तेलुगू उच्चार ऐकून रिसेप्शनची मुलगी भलतंच स्पेलिंग लिहिते. बाई एक, फायली तीन. जुने रिपोर्ट सापडत नाहीत, विम्याच्या क्लेमला नावाची क्वेरी लागते, मेडिकलमध्ये एक्स्पायरी झालेला माल कपाटाच्या मागून निघतो. ज्यांनी हे भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

हा रिपोर्टवाला माणूस आला तो विकायला आलोय असं न म्हणता. "वहिनी, सॉफ्टवेअर घ्याच असं मी म्हणत नाही. तुमच्याकडे ते चालेल का, हे आधी तपासू. नसेल चालत तर रजिस्टरच बरं." आता सांगा, असं बोलणाऱ्यावर कोण संशय घेईल? त्याची दोन पोरं टेप घेऊन आली, लॅनचे पॉइंट मोजले, सिस्टरना प्रश्न विचारले, जनरेटरचा फोटो काढला. मग रिपोर्टात तीन सॉफ्टवेअरची तुलना. दोन "अव्यवहार्य", तिसरं "अत्यंत व्यवहार्य". ते तिसरं ज्या फर्मचं, ती त्याच्या मेव्हण्याच्या नावावर निघाली. हे कळलं तेव्हा पैसे जाऊन बसले होते. अभ्यास करणारा आणि माल विकणारा एकाच घरातला नाही ना, हे लेखी घ्या. दोघांची बिलं शेजारी शेजारी ठेवून पत्ता आणि खाते क्रमांक बघा, तेवढ्यानंही बरंच कळतं.

पान ४१ वर "आपल्या डायलिसिस युनिटमधील ८ मशिन्स" असा उल्लेख होता. आमच्याकडे डायलिसिस नाही. मी बोट ठेवलं तर हसून म्हणाला, "फ्युचर एक्सपान्शन धरलंय, वहिनी." डॉक्टरांना ते आवडलंसुद्धा. डायलिसिस सुरू करायचं त्यांच्या मनात होतंच.

पण माझा जीव जळतो तो डेमोवरून. लॅपटॉप माझ्याच टेबलावर, माझ्या समोर. डिस्चार्ज बिल उघडलेलं, एकूण १८,४५०. मी रोज जे करते तेच करायला सांगितलं: पेशंटनं पॅरासिटामॉलच्या दोन पट्ट्या परत केल्यात, त्या वजा करा. त्यानं "रिटर्न" वर क्लिक केलं. पुन्हा केलं. आकडा १८,४५० चा १८,४५०. म्हणाला, "नेट स्लो आहे इथलं." मी मान हलवली, कारण आमच्याकडचं नेट खरंच रडतं. पण त्यानं वायफायचा पासवर्ड मागितलाच नव्हता! आमच्याकडे एमआर येवो, ऑडिटर येवो, लग्नाची पत्रिका द्यायला पाहुणा येवो, पाणी प्यायच्या आधी पासवर्ड मागतो. याचा लॅपटॉप नेटला जोडलेलाच नव्हता. फोन टेबलावर उपडा पडलेला, त्याचं हॉटस्पॉटही नाही. नंतर पुण्याच्या भाच्यानं माझ्या मोबाइलमधले डेमोचे फोटो बघून सांगितलं की ते चालू सॉफ्टवेअर नव्हतं, स्क्रीनची चित्रं एकापुढे एक लावलेली होती. दुसऱ्याच कुणाच्या सॉफ्टवेअरची. बिलिंगची मुलगी तेव्हा माझ्या कानात म्हणाली होती, "मॅडम, मी करून बघू का?" तेवढ्यात खालून ॲक्सिडेंटची केस आल्याचा निरोप आला आणि सगळे उठलो. हॉस्पिटलात असंच असतं, शांत बसून डेमो बघायला कुणाला मिळतो?

तर माउस तुमच्या माणसाच्या हातात द्या. अर्धं विम्याचं कॅशलेस, अर्धं रोख, मध्ये एक परतावा, असं नासकं बिल करायला लावा. गोड बिल सगळेच काढून दाखवतात.

मी पैसे डोळे मिटून दिले नाहीत. त्यानं दिलेल्या यादीतल्या एका हॉस्पिटलला फोन केला होता. पलीकडून एक जण "उत्तम चाललंय, मॅडम" म्हणाला. नंबरही त्यानंच दिलेला, हे खरं. आणि घाई कशाची, तर सबसिडीची. "सरकार ७० टक्के परत देतं, ३१ मार्चच्या आत फाइल टाकायची, गड्डा सुरू व्हायच्या आत ॲडव्हान्स सोडा." (गड्डा म्हणजे आमची जानेवारीतली सिद्धेश्वरांची जत्रा.) योजना खरी आहे, म्हणून तर फसायला होतं. आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली १ जानेवारी २०२३ पासून प्रोत्साहन योजना आली. पण त्यात पैसे ठेवले ते पेशंटच्या आभा खात्याला (सरकारी आरोग्य ओळख क्रमांकाला) जोडलेल्या डिजिटल नोंदींवर, नोंदीमागे २० रुपये, तेही ठरावीक संख्येच्या वरच्या नोंदींना. सॉफ्टवेअरच्या खरेदीवर सबसिडी त्यात नाहीच. मिशनशी जोडलेल्या सॉफ्टवेअरची यादी त्यांच्या संकेतस्थळावर उघडी आहे, विक्रेत्याचं नाव तिथं शोधा. "आमचं एम-वन झालंय, एम-टू चालू आहे" या बोलण्यावर जाऊ नका. एम-वन हा मिशनशी जोडणीचा पहिला टप्पा, म्हणजे फक्त आभा नंबर काढणं आणि पडताळणं. नोंदी जोडणं पुढच्या टप्प्यात येतं, आणि पैसे नोंदींचे आहेत.

२,५९,६०० आरटीजीएसनं, १,४८,००० एनईएफटीनं दुसऱ्याच खात्यावर, "हार्डवेअरवाला वेगळा आहे" म्हणून. मग डेव्हलपर आजारी, मग सर्व्हर नाक्यावर अडकलेला, मग फोन बंद.

बिलावरचा जीएसटी नंबर आमच्या सीएनं पोर्टलवर टाकला. नोंदणी रद्द. बिलाच्या तारखेच्या किती तरी आधी विभागानंच रद्द केलेली. म्हणजे रिपोर्टावरचे ५,४०० धरून जो १८ टक्के कर आम्ही भरला, तोही त्याच्याच खिशात. सीएंना विचारलं, हे आधी का नाही दिसलं? तर हॉस्पिटलच्या उपचारांवर जीएसटी नाही, त्यामुळे असल्या बिलातल्या कराचं क्रेडिट (तो कर आपल्या करातून वजा करणं) आपल्याला मिळत नाही, त्यामुळे ते बिल पोर्टलवर चढलंय का हे कुणी बघत नाही. दुकानदार बघतो, कारखानदार बघतो, हॉस्पिटलवाला बघत नाही. या लोकांना हे पक्कं ठाऊक असतं. नंबर टाकायला एक मिनिट लागतं, लॉगिनही लागत नाही.

आता पोलिसांचं ऐका. ठाण्यात तासभर बाकड्यावर बसवलं. मग साहेबांचा पहिला प्रश्न: "करार केलाय का?" केलाय म्हटलं. "मग दिवाणी झालं की मॅडम, कोर्टात जावा." अरे, करार नसता तर म्हणाला असता करारच नाही, कशाच्या जोरावर तक्रार घेऊ! अर्ज लिहून घेणाऱ्यानं "हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम" ऐकून घेतलं आणि कागदावर लिहिलं, "कॉम्प्युटर दुरुस्तीच्या पैशावरून वाद." मी खोडायला लावलं तर तोंड वाकडं. पुढच्या खेपेला हद्द निघाली: त्याचं ऑफिस पुण्यात, खातं तिसऱ्याच गावात, तुम्ही तिकडं जा. झिरो एफआयआर आता कायद्यात लिहिलेला आहे, कुठल्याही ठाण्यात तक्रार घ्यावी लागते, हे मी, बी.कॉम. झालेली बाई, खुर्चीतल्या माणसाला सांगतेय! त्यावर उत्तर काय, तर "वाचून आलाय वाटतं." डॉक्टरांना म्हणाला, "तुमच्यासारख्या शिकलेल्यांनी असं करावं?" चोर सोडून सगळ्यांना लाज वाटायला लावली. बँकेत गेले तर मॅनेजर म्हणे, आरटीजीएस फॉर्मवर सही तुमचीच आहे.

ग्राहक आयोगाचं वकिलांनीच मोडीत काढलं. २०१९ च्या कायद्यात व्यापारी हेतूनं घेतलेली सेवा बसत नाही; स्वयंरोजगाराला अपवाद आहे, पण एवढा स्टाफ असलेल्या हॉस्पिटलला स्वयंरोजगार म्हणता येत नाही. व्यापारी न्यायालयात जायचं तर रक्कम ३ लाखांच्या वर, ती अट आम्ही पूर्ण करतो, केवढं भाग्य! पण दाव्याआधी मध्यस्थी. फोन न उचलणारा माणूस मध्यस्थीला चहा प्यायला येणार आहे का?

फौजदारीला सुरुवातीपासूनचा फसवण्याचा इरादा दाखवावा लागतो. रद्द नंबरचं बिल आणि डेमोचे फोटो त्यासाठीच कामी येतायत. पूर्वीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. ठाण्यानं नाही घेतलं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) प्रमाणे लेखी तक्रार टपालानं वरिष्ठांकडे पाठवता येते, आणि तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. आमची वर गेलीय. पोचपावती आलीय, माणूस कुणी आलेला नाही. पैसे नुकतेच गेले असतील तर वाद घालत बसू नका, आधी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. खातं गोठवायचं ते पैसे पुढे सरकायच्या आत.

परवा आमच्या लँडलाइनला बार्शीहून फोन आला. एका नर्सिंग होमच्या बिलिंगच्या बाई. "तुमच्याकडे अमुक सॉफ्टवेअर चालतंय ना? त्यांच्या यादीत तुमचं नाव पहिलं आहे." मोबाइल नंबर त्यांनाही दिला होता म्हणे, पण बाई हुशार, तो बाजूला ठेवून बोर्डावरचा नंबर शोधला आणि डॉक्टरांना नको, बिलिंगला द्या म्हणाल्या. त्यांच्याकडूनही रिपोर्टचे ३५,४०० घेऊन झालेत. ॲडव्हान्सचा चेक मात्र अजून वटायचा होता, तो त्यांनी त्याच दुपारी थांबवला. बिलाचा फोटो मागवून घेतला. जीएसटी नंबर तोच.