सुपरहिरो कुठून सुरू करावा: चित्रपट, मालिका की कार्टून?

मुंबईत हा प्रश्न विचारणाऱ्याकडे वेळ दोनच प्रकारचा असतो. एक म्हणजे लोकलमधला रोजचा तास-सव्वा तास, आणि दुसरा म्हणजे महिन्यातून हाती लागणारी एखादी मोकळी शनिवार रात्र. चाहत्यांना विचारलं तर कुणी 'द डार्क नाइट' हा बॅटमॅनचा चित्रपट सांगतो, कुणी मार्व्हलचे सगळे चित्रपट क्रमाने बघायला लावतो, कुणी 'डेअरडेव्हिल' मालिकेचं नाव घेतो. नव्वदच्या दशकात केबलवर वाढलेले लोक थेट कार्टूनकडे बोट दाखवतात. आमचं मत या शेवटच्या गटाशी जुळतं. सुपरहिरो ही मुळात वीस-बावीस पानांच्या मासिक अंकातली गोष्ट: एक संकट, एक खलनायक, एक शेवट. बावीस मिनिटांचा कार्टूनचा भाग याच मापाचा असतो. चित्रपटाला तीच गोष्ट दोन-अडीच तास ताणावी लागते, मालिकेला दहा-बारा तास.

बॅटमॅन हे यातलं सगळ्यात सोपं उदाहरण, कारण तो तिन्ही प्रकारांत भरपूर आहे. 1992 साली सुरू झालेल्या 'बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सीरिज'चे एकूण 85 भाग आहेत. सगळे बघायची गरज नाही. सुरुवातीला एवढेच घ्या: 'हार्ट ऑफ आइस', 'टू-फेस'चे दोन भाग, 'रॉबिन्स रेकनिंग'चे दोन भाग, 'बिवेअर द ग्रे घोस्ट' आणि 'ऑलमोस्ट गॉट इम'. हे सात भाग मिळून साधारण 154 मिनिटं होतात. 'द डार्क नाइट' 152 मिनिटांचा आहे. म्हणजे वेळ तेवढाच जातो. त्या वेळात पदरात काय पडतं, ते बघू.

'हार्ट ऑफ आइस' आधी. या भागाच्या अगोदर मिस्टर फ्रीझ म्हणजे बर्फाची बंदूक घेऊन फिरणारा एक किरकोळ खलनायक होता. लेखक पॉल डिनी आणि दिग्दर्शक ब्रूस टिम यांनी त्याला कारण दिलं. आजारी बायको नोरा बरी होईपर्यंत तिला गोठवून ठेवणारा हा शास्त्रज्ञ. कंपनीचा मालक पैसे वाया जातात म्हणून प्रयोग बंद पाडतो, झटापट होते, आणि त्यानंतर हा माणूस गोठणबिंदूच्या वरच्या तापमानात जगूच शकत नाही. भागाच्या सुरुवातीला तो एका छोट्या संगीतपेटीतल्या नाचणाऱ्या बाहुलीशी बोलत असतो, आणि शेवटी कोठडीतही तीच बाहुली त्याच्यासमोर असते. मधला तपशील बघा. ब्रूस वेनला, म्हणजे मुखवट्यामागच्या बॅटमॅनला, सर्दी झालेली असते, म्हणून त्याचा नोकर आल्फ्रेड थर्मासमध्ये चिकन सूप भरून देतो. त्या वेळी हा प्रसंग निव्वळ हलकाफुलका वाटतो. शेवटच्या झटापटीत बॅटमॅनच्या हातात दुसरं काही उरत नाही, तेव्हा तो तोच थर्मास फ्रीझच्या शिरस्त्राणावर फोडतो. थंडगार काचेवर गरम सूप पडल्यावर काच तडकते. बावीस मिनिटांत एकही वस्तू फुकट आणलेली नाही. या भागाच्या लेखनाला एमी पुरस्कार मिळाला, तो उगीच नाही.

आता हाच माणूस चित्रपटात बघा. 1997च्या 'बॅटमॅन अँड रॉबिन'मध्ये अरनॉल्ड श्वार्झनेगर फ्रीझ झाला. गोठवलेली बायको, तिच्यासाठी चाललेली धडपड, सगळं कार्टूनमधूनच आलेलं. मिनिटं 125. पण त्यात पॉयझन आयव्ही आणि बेन हे आणखी दोन खलनायकही आहेत, वर बॅटगर्लची ओळखही करून द्यायची आहे. फ्रीझच्या वाट्याला येतात ती बर्फावरच्या कोट्यांची वाक्यं. जवळजवळ सगळे चाहते या चित्रपटाला नाव ठेवतात, पण दोष बहुतेक वेळा पोशाखांवर टाकतात. खरी चूक गर्दीची आहे. एका खलनायकाला पुरेल एवढी जागा चौघा-पाचजणांत वाटली, आणि कुणालाच पुरली नाही.

मग चित्रपट कुठे जिंकतो? जोकरमध्ये. मार्क हॅमिलने कार्टूनला दिलेला जोकरचा आवाज अप्रतिम आहे, यावर वाद नाही. पण 'द डार्क नाइट'मधला हीथ लेजरचा जोकर खोलीत शिरल्यावर पुढच्या क्षणी काय होईल, याचा अंदाजच येत नाही. ती भीती चेहऱ्यातून येते, आणि ती रेखाटून येत नाही. शिवाय त्या चित्रपटात रस्त्यावर उलटणारा मोठा ट्रक शिकागोच्या रस्त्यावर खरोखर उलटवलेला आहे. ते वजन पडद्यावर जाणवतं. सुरुवातीचा बँकेवरच्या दरोड्याचा प्रसंग आयमॅक्स कॅमेऱ्यावर चित्रित केलेला आहे. हा चित्रपट पुन्हा कधी मोठ्या पडद्यावर लागला तर तिकीट काढाच. घरी बघणार असाल तर टीव्हीवर बघा, फोनवर नको.

टू-फेसच्या बाबतीत आमचा कौल थोड्या फरकाने कार्टूनला. चित्रपटात पुढे टू-फेस होणारा सरकारी वकील हार्वे डेंट उत्तम उभा केलाय, पण त्याचा अर्धा चेहरा जळतो तोवर चित्रपटाचा बराच भाग संपलेला असतो, आणि नाणं उडवणाऱ्या टू-फेसला जेमतेम अर्धा तास मिळतो. कार्टूनमध्ये हार्वेच्या आत लहानपणापासून दडपलेला रागीट माणूस आहे, त्यासाठी तो उपचारही घेतोय, आणि ती फाइल एका गुंडाच्या हाती लागते. म्हणजे चेहरा जाळणारा स्फोट होण्याआधीच तो दोन माणसं झालेला असतो.

कार्टून बघताना होणाऱ्या दोन चुका सांगून ठेवतो. पहिली, पहिल्या भागापासून सरळ रेषेत बघत जाणं. या मालिकेत भागांची पातळी सारखी नाही. मधल्या काही साध्या भागांवर, उदाहरणार्थ 'आय हॅव गॉट बॅटमॅन इन माय बेसमेंट'वर, नवा माणूस हमखास थांबतो आणि हे लहान मुलांचं आहे असं ठरवून मोकळा होतो. दुसरी, जोडभागांतला एकच भाग बघून सोडणं. 'टू-फेस' आणि 'रॉबिन्स रेकनिंग' एका प्रवासात दोन्ही भाग संपतील असे बघा. दादरला उतरायचं म्हणून पहिला भाग संपवून फोन खिशात टाकला की दुसऱ्या दिवशी त्याचा रंग उतरलेला असतो. आणि भाग घरच्या वायफायवरच डाउनलोड करून ठेवा, गाडीतल्या नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.

भाषेबद्दलही एक गोष्ट. कार्टूनचं डबिंग चित्रपटापेक्षा कमी खटकतं, कारण रेखाटलेल्या ओठांची हालचाल मुळातच ढोबळ असते. या मालिकेत मात्र शक्य असेल तर मूळ इंग्रजी ऐका. केविन कॉनरॉय ब्रूस वेनसाठी एक आवाज काढतो आणि बॅटमॅनसाठी दुसरा. मुखवटा कोणता आणि माणूस कोणता, हे नुसत्या आवाजावरून कळतं.

मालिकांकडे वळू. इथे आमचं मत सगळ्यात कडक आहे. 'गॉथम'चे पाच सीझन मिळून 100 भाग आहेत. एकेक भाग पाऊण तासाच्या आतबाहेर धरला तरी सत्तरेक तास जातात, आणि बॅटमॅन अगदी शेवटी उभा राहतो. ज्याला खलनायकांचं लहानपण बघायचंय, त्याच्यासाठी ते ठीक. सुरुवात करणाऱ्यासाठी नाही. 2024ची 'द पेंग्विन' आठच भागांची आहे आणि ताकदीची आहे, पण ती 2022च्या 'द बॅटमॅन'ची गोष्ट पुढे नेते, म्हणून आधी तो 176 मिनिटांचा चित्रपट बघावा लागतो. तो चित्रपट इतका अंधारा आहे की दुपारच्या गाडीत खिडकीशी बसून फोनवर काही म्हणजे काही दिसत नाही. कार्टूनच्या पार्श्वभूमीसुद्धा काळ्या कागदावर रंगवलेल्या आहेत, पण त्यातल्या आकृत्यांच्या कडा ठसठशीत असतात, त्यामुळे छोट्या पडद्यावर नजर चुकत नाही.

मालिकांमध्ये नवख्याला द्यायची एकच असेल तर 'डेअरडेव्हिल', 2015 पासूनची, 13 भागांचे तीन सीझन. पहिल्या सीझनच्या दुसऱ्या भागातली कॉरिडॉरमधली मारामारी एका दमात चाललेली दिसते. नायक दमतो, भिंतीला टेकतो, पुन्हा उठतो. आठ-नऊ भागांत मावेल अशी गोष्ट तेराला ताणल्यामुळे मध्ये ती रेंगाळते, ही चाहत्यांची तक्रार रास्त आहे. म्हणून पहिला सीझन पूर्ण बघा, दुसऱ्याचे पहिले चार भाग बघा, कारण पनिशर या दुसऱ्या पात्राची गोष्ट तिथे जवळजवळ स्वतंत्र आहे. तिसऱ्याकडे जाण्याआधी 'द डिफेंडर्स' या आठ भागांच्या मालिकेचा शेवट माहीत असायला हवा, नाहीतर नायक इतक्या वाईट अवस्थेत का आहे, ते कळत नाही. हे सगळं मोठ्यांसाठी आहे, घरात मुलं जागी असताना लावू नका. 'वांडाव्हिजन'चे नऊ भाग सुंदर आहेत, पण आधीच्या 'अ‍ॅव्हेंजर्स' चित्रपटांत वांडा आणि व्हिजन या जोडीचं काय झालं हे ठाऊक नसेल तर पहिल्या तीन भागांतली जुन्या विनोदी मालिकांची नक्कल अर्थहीन वाटते.

मार्व्हलचा गृहपाठ हीच चित्रपटांची मोठी अडचण. 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' मार्व्हलच्या चित्रपटांतला बाविसावा, 181 मिनिटांचा. तो थेट बघणाऱ्याला थेटरातले बाकीचे लोक कशाला टाळ्या वाजवतायत, ते समजत नाही. सुरुवातीला 2008चा 'आयर्न मॅन' किंवा 2014चा 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी' घ्या, दोन्हींना आधीचं काही लागत नाही. थेटरात जाणार असाल तर आणखी एक हिशेब करा. परदेशी चित्रपटांत मध्यंतराची जागा ठरवलेली नसते, आपल्याकडे ती मध्येच कुठेतरी कापली जाते, कधी ऐन मारामारीत. रात्री साडेनऊचा तीन तासांचा खेळ जाहिराती आणि मध्यंतर धरून एकच्या सुमारास सुटतो, त्यात श्रेयनामावलीनंतरच्या प्रसंगासाठी चाहते बसून राहतात. तोवर शेवटची लोकल निघून गेलेली असते. लांबच्या उपनगरात राहणाऱ्याने संध्याकाळचाच खेळ बघावा.

स्पायडर-मॅनच्या बाबतीत निवड सोपी आहे: 2018चा 'इनटू द स्पायडर-व्हर्स', 117 मिनिटं, सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर. तो चित्रपट आहे आणि कार्टूनही, म्हणून आमचं वर्गीकरण इथे मोडतं, ते मोडू दे. सुरुवातीला माइल्सची, म्हणजे नवख्या स्पायडर-मॅनची, हालचाल मुद्दाम कमी चित्रांत रेखाटली आहे, म्हणून पीटर या अनुभवी स्पायडर-मॅनशेजारी तो अडखळत पळतोय असं वाटतं. पुढे जमायला लागल्यावर त्याची चालही सफाईदार होते. 2023च्या पुढच्या भागात मुंबई आणि मॅनहॅटन मिळून झालेलं मुंबॅटन आहे, तिथला स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर आहे, आणि आपल्याकडे तो मराठीसह दहा भाषांत प्रदर्शित झाला होता. फक्त एवढं आधी कळलेलं बरं की 140 मिनिटांनंतर गोष्ट अर्ध्यावर थांबते. कार्टून मालिकेत हवा असेल तर 2008ची 'द स्पेक्टॅक्युलर स्पायडर-मॅन' 26 भागांची आहे. हक्कांच्या अदलाबदलीत ती बंद पडली, तिसरा सीझन आला नाही, तरीही शाळेतला पीटर इतक्या मन लावून दुसऱ्या कुणी लिहिलेला नाही. 1994ची 65 भागांची मालिका जिव्हाळ्याची आहे, पण वाहिनीच्या बंधनांमुळे त्यात नायक सरळ ठोसा क्वचितच मारतो आणि बंदुकांतून किरण निघतात. आज पहिल्यांदा बघणाऱ्याला ते खटकेल.

घरात मूल असेल तर कार्टून म्हणजे मुलांचं, हा समज आधी काढून टाका. 'इन्व्हिन्सिबल' ही कार्टून मालिका त्याचं ठळक उदाहरण. पहिला भाग चाळीसेक मिनिटं अगदी सौम्य चालतो, नावं यायला लागतात, पालक निश्चिंत होऊन उठतात, आणि त्यानंतर रक्तपात सुरू होतो. ओटीटीवर भाग लावण्यापूर्वी कोपऱ्यातलं प्रमाणपत्र बघा: यूए 7+, यूए 13+, यूए 16+ की ए. सात-आठ वर्षांच्या मुलाला सबटायटल्स वाचायला वेळ पुरत नाही, त्याला हिंदी डबच द्या. आणि आजी-आजोबांसकट सगळ्यांनी एकत्र बसायचं असेल तर परदेशी काहीच लावू नका. 2021चा मल्याळम 'मिन्नल मुरली' हिंदीतही आहे, 158 मिनिटांचा. गावातल्या शिंप्याच्या अंगावर वीज पडते, त्याच रात्री दुसऱ्या एका माणसावरही पडते. गावाने आयुष्यभर हिडीसफिडीस केलेला हा दुसरा माणूस खलनायक होतो, आणि शेवटपर्यंत त्याच्याबद्दल वाईट वाटत राहतं.