मोगल झटकन ढासळले, उस्मानी रेंगाळले

नाशिकजवळच्या आशेवाडीतून रामशेज चढताना हा प्रश्न मला पडतोच. 1682 साली औरंगजेबाच्या फौजेनं या बुटक्या किल्ल्याला वेढा घातला आणि वर्षानुवर्षं हात चोळत बसली. 1683 मध्ये उस्मानी (ऑटोमन) तुर्क व्हिएन्नाच्या तटाखाली हरले. घसरण जवळपास एकाच वेळी सुरू झाली, मग मोगल आधी का कोसळले?

मोगलांना दख्खननं खाल्लं. अखेरची पंचवीस वर्षं बादशहा इकडेच अडकला आणि 1707 साली नगरजवळ वारला. वारसाचा ठरलेला नियम नव्हताच. एकट्या 1719 मध्ये दिल्लीच्या तख्तानं चार बादशहा पाहिले! हैदराबाद, अवध, बंगालचे सुभेदार स्वतःचं बघू लागले. 1739 मध्ये नादिरशहानं मयूरासनही नेलं. मोगलाईतलं गुलशनाबाद, म्हणजे आपलं नाशिक, पेशव्यांकडे आलं.

उस्मानींनी डागडुजी तरी केली. 1826 मध्ये बंडखोर जानिसारी, म्हणजे सुलतानाची खास पायदळ फौजच मोडली, 1839 पासून तंझिमात नावाच्या कारभारातल्या सुधारणा आणल्या. शिवाय रशियाला अडवायला ब्रिटनला ते हवे होते (नशीब!). सल्तनत 1922 पर्यंत टिकली.

मोगल 1857 पर्यंत होते म्हणे. पण कंपनीच्या पेन्शनवरचा बादशहा मी तरी मोजत नाही.