लिव्हर ॲक्शन .22 विकतो म्हणून टोकन खाणाऱ्यापासून सावध राहा (खानापूर-चंदगड पट्टा)

मंडळी, हे जरा मोठं होणार, खरं पूर्ण वाचा, विशेषतः ज्यांच्या घरात पीक संरक्षणाचं लायसन आहे आणि दुसरी बंदूक घ्यायचा विचार चालू आहे त्यांनी. कर्नाटकातलं खानापूर, जांबोटी आणि महाराष्ट्रातलं चंदगड, गडहिंग्लज या भागात एक लिव्हर ॲक्शन .22 रायफल (बारीक नळीची, खालचं हँडल चालवून गोळी भरायची) विकायला फिरतीय. रायफल एकच, ती बऱ्याच जणांना दाखवून टोकन (आगाऊ पैसे) गोळा करायचं आणि गायब व्हायचं असा धंदा आहे. माझे 40 हजार गेले आणि आमच्या बाजूच्या गावातल्या एकाचे पण तसेच गेलेत हे नंतर कळलं.

आमच्याकडं आजोबांपासूनची बाराबोर आहे, गवे आणि डुकरं भातात-ऊसात उतरतात म्हणून घेतलेली. मला .22 पाहिजे होती ती वेगळ्या कारणानं, क्लबात टारगेट मारायला आणि जमलं तर पत्र्याचे डबे उडवायला. धक्का जवळजवळ नाही, आवाज कमी, काडतूस बाराबोरपेक्षा स्वस्त, शिकणाऱ्याला याच्यासारखं दुसरं काही नाही. आणि मी डावखुरा. आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीची .22 बोल्ट ॲक्शन येते, तिचा बोल्ट (गोळी भरायचा दांडा) उजव्या हाताला, दर गोळीला माझा हात वरनं पलीकडं न्यायला लागतो. लिव्हर ॲक्शनला खालचं हँडल पुढं ढकलून मागं ओढलं की रिकामं केस (गोळीचं टरफल) बाहेर आणि नवीन गोळी आत, डावा काय उजवा काय सारखंच, रायफल खांद्यावरनं काढायची पण गरज नाही. म्हणून मी बरेच महिने तीच शोधत होतो.

आता मुद्दा असा की ही रायफल आपल्याकडं सहज मिळतच नाही. सामान्य लायसनवाल्याला बाहेरनं बंदूक मागवायची वाट 1980 च्या दशकातच बंद झाली, त्यामुळं देशात ज्या विलायती रायफली आहेत त्या जुन्या, हातोहात फिरणाऱ्या, आणि किमती लाखांत. फसवणारे नेमकं याच्यावर जगतात. मिळत नाही ती वस्तू एकदम समोर आली की माणूस घाई करतो, आणि त्यांना ती घाईच पाहिजे असते.

ओळखीतल्या ओळखीतनं एक जण आला, बोलणं अगदी घरच्यासारखं, "दादा, आजोबांची आठवण आहे, दुसऱ्या कोणाला देणार नव्हतो, तुम्ही जपणार म्हणून देतोय." सव्वादोन लाख सांगितले. विंचेस्टर 9422, चालते .22 एलआरवर (लाँग रायफल, नेहमीची .22 ची गोळी), आजोबांनी 1965 साली इंग्लंडहून आणली म्हणाला. लायसनची झेरॉक्स दाखवली, त्यावर विंचेस्टर .22 आणि नंबर होता, त्या झेरॉक्सवर विश्वास ठेवून टोकनची चिठ्ठी केली आणि पैसे फोनवरनं पाठवले. रायफल दाखवायला मात्र गावात नाही, सीमेपलीकडं चंदगडच्या बाजूला एका शेतातल्या घरात बोलावलं.

तिथं रायफल हातात घेतल्यावर एकेक गोष्ट उलगडत गेली. सुबक रायफल होती हे मी नाकारणार नाही, अक्रोडाचा दस्ता, लिव्हर अगदी लोण्यासारखी चालत होती. खरं 9422 हे मॉडेल बाजारात आलं 1972 मध्ये आणि 2005 ला बंद झालं, मग 1965 ला आजोबांनी आणली कुठनं? दुसरं, नळीवर कॅलिबर कोरलेलं असतंच, कंपनीच्या रायफलीवर ते पुसट असलं तरी वाचता येतं. तिथं नुसतं .22 नव्हतं, मॅग्नम होतं, म्हणजे ती 9422 एम. हे दोन एकच नाहीत हे ध्यानात ठेवा. मॅग्नमचं केस एलआरपेक्षा जाड आणि लांब, एलआरची गोळी त्या चेंबरमध्ये सैल बसते, तशी मारली तर केस फाटून गॅस मागं येऊ शकतो, डोळ्याचा प्रश्न आहे. मॅगझिन नळीखालच्या ट्यूबमध्ये असतं, एलआरच्या 15 आणि मॅग्नमच्या 11 बसतात, हा सांगत होता 15. स्वतःच्या आजोबांच्या रायफलीत किती गोळ्या बसतात ते माहीत नाही असा माणूस असतो काय?

आणि सगळ्यात मोठं, रायफलीवरचा नंबर आणि झेरॉक्सवरचा नंबर जुळत नव्हता. झेरॉक्स नीट उजेडात धरली तर नंबराच्या ओळीतली अक्षरं बाजूच्या अक्षरांपेक्षा वेगळी. यूआयएन, म्हणजे लायसनचा सरकारी ओळख नंबर, मागितला, आता प्रत्येक लायसनला तो असायलाच लागतो, तर म्हणे "जुनं लायसन आहे, लागत नाही." मग म्हणाला बाकीचे पैसे द्या, रायफल आजच घेऊन जावा, ट्रान्सफर मागनं करू, कर्नाटकात कोडगूच्या लोकांना लायसन लागत नाही तसंच इकडं पण कोण विचारत नाही. हे साफ खोटं आहे. कोडगूची सूट ही कोडवा समाजाला आणि जम्मा (तिथली वंशपरंपरेची) जमीनवाल्यांना खास दिलेली, बेळगावच्या माणसाला तिचा काडीचा संबंध नाही. ती रायफल मी गाडीत घातली असती तर शस्त्र कायद्याच्या कलम 25 खाली माझ्यावर केस, 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन वर्षं आणि पाच वर्षांपर्यंत कैद. पैसे गेले ते गेले, हे त्याहून भयंकर झालं असतं, म्हणून मी रायफल टेबलावर ठेवली आणि टोकन परत मागितलं. उद्या देतो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद.

कायद्यानं दोन लायसनवाल्यांमध्ये विक्री होते, कलम 5 मध्ये आहे ते. खरं विकणाऱ्यानं आधी जिल्हाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस स्टेशनला लेखी कळवायचं, कोणाला विकतोय त्याचं नाव-पत्ता देऊन, आणि त्यानंतर 45 दिवस गेल्याशिवाय बंदूक हातात द्यायची नाही. "आजच घेऊन जावा" म्हणणारा माणूस खरा असूच शकत नाही, त्याच्याकडं कितीही चांगली रायफल असू दे. बेळगाव शहरातल्यांनी पोलीस आयुक्तालयात आणि तालुक्यातल्यांनी डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात विचारायचं. आपल्या लायसनवर दुसऱ्या हत्याराला जागा आहे का तेही तिथंच बघून घ्या, 2019 पासून एका लायसनवाल्याला दोनच.

आणखी एक, त्यानं "ससा, तितर, रानकोंबडीला एकदम बेस्ट, आवाज पण लांब जात नाही" असं दोनतीनदा सांगितलं. गावाकडच्या पोरांना याच गोष्टीनं ओढतात. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, ससा असो का तितर. त्यात खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य, फॉरेस्टवाले फिरत असतात. आणि .22 लहान दिसते म्हणून खेळणं समजू नका, गोळी दोन किलोमीटरच्या पुढं जाऊ शकते, दगडावर किंवा पाण्यावर आपटून भलतीकडं उडते. डबे उडवायचे असले तरी मागं मातीचा उंच बांध नसेल तर रायफल उचलूच नये.

पैशाचं म्हणाल तर मी 1930 ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन करून कंप्लेंट केली, फोनवरनं पैसे गेले असतील तर लवकरात लवकर करायला पाहिजे, म्हणजे समोरच्या खात्यात शिल्लक असेल ती तरी अडवता येते. माझ्या वेळी खातं रिकामंच होतं. पोलीस स्टेशनला सुरवातीला "घटना महाराष्ट्रात झाली, तिकडं जावा" असं झालं, तिकडं गेलो तर "पैसे कर्नाटकातनं गेले, तुमच्याकडं द्या." सीमेवर राहणाऱ्याचे हे हाल कायमचे. खरं जुलै 2024 पासून नवीन कायद्यात स्पष्ट आहे, हद्द कोणाची का असेना, कुठल्याही स्टेशनला तक्रार नोंदवून घ्यायलाच पाहिजे. झिरो एफआयआर म्हणा, मराठीत लिहिलेला अर्ज घ्यायला नाही म्हणाले तर कन्नडमध्ये लिहून न्या, पोच मागून घ्या. माझी अशीच नोंदली गेली, तपास चालू आहे.

ज्याला लायसनच्या भानगडीत न पडता नुसतं टारगेट मारायचंय त्यानं .177 ची एअर रायफल घ्यावी, 20 ज्यूलच्या (छर्‍याच्या जोराचं माप) आतली असली तर लायसन लागत नाही, दुकानातनं बिलासकट मिळते.

तो माणूस अजून फिरतोय. अक्रोडाचा दस्ता, नळीवर मॅग्नम, आजोबांची गोष्ट आणि रायफल सीमेपलीकडच्या घरात, असं कोणी सांगत आलं तर पैसे पाठवू नका, जमलं तर रायफलीवरच्या नंबराचा फोटो काढा आणि जवळच्या स्टेशनला द्या, माझ्या तक्रारीला पण त्याचाच आधार होईल.