ऑब्जेक्टमधल्या अ‍ॅरेचा धडा जावात एक नंबर, सी प्लस प्लसमध्ये अर्धाच शिकवलाय

जावा आणि सी प्लस प्लस दोन्हीतून ओओपी (ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग) शिकवणारा रेकॉर्डेड कोर्स आहे हा, मागच्या आठवड्यात पूर्ण केला. इनहेरिटन्स वगैरे कुठेही मिळेल तसंच आहे. मी लिहितेय ते क्लासच्या आत अ‍ॅरे असला की ऑब्जेक्ट इनिशियलाइझ कसा करायचा त्या धड्याबद्दल, कारण मी तिथेच अडकले होते.

म्हणजे झालं असं की क्लासमध्ये वर मार्क्स नावाचा इंट अ‍ॅरे डिक्लेअर केलेला आणि कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारा कोड) न्यू करताना मी मार्क्स या नावाच्या आधी परत टाइप लिहिला, कंपाइलर काहीच बोलला नाही आणि रन केलं की नल पॉइंटर एक्सेप्शन (ज्यात काहीच नाही, म्हणजे नल आहे, ते वापरल्याची एरर). सरांनी नेमकी हीच चूक घेतलीय. टाइप परत लिहिला की तो कन्स्ट्रक्टरचा लोकल व्हेरिएबल होतो, कन्स्ट्रक्टर संपला की तो गेला आणि क्लासमधलं वरचं मार्क्स फील्ड नल ते नलच. दुसरं म्हणजे पाच स्टुडंटचा अ‍ॅरे न्यू केला म्हणून पाच स्टुडंट तयार होत नाहीत, पाच जागा होतात आणि प्रत्येकीत नल, मग लूप लावून एकेक ऑब्जेक्ट बनवायचा (इंटचा अ‍ॅरे मात्र आपोआप शून्यांनी भरलेला मिळतो). हे सगळं चौकोन आणि बाण काढून दाखवलंय, खरंच इतकं स्वच्छ मला कुणी सांगितलं नव्हतं. बाहेरून आलेला अ‍ॅरे तसाच फील्डला लावला तर बाहेरच्याने बदल केला की आपला ऑब्जेक्टही बदलतो, म्हणून क्लोन करून ठेवा, हे पण आहे.

सी प्लस प्लसला मात्र घाई केलीय. साध्या मेंबर अ‍ॅरेत आधी कचरा व्हॅल्यू असू शकतात आणि सी प्लस प्लस ११ पासून डिक्लेअर करतानाच पुढे रिकामा महिरपी कंस दिला की सगळे शून्य होतात, इथपर्यंत छान. पण मग पॉइंटर (मेमरीचा पत्ता) घेऊन कन्स्ट्रक्टरमध्ये न्यू आणि डिस्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट संपताना चालणारा कोड) डिलीट दाखवलं आणि कॉपी कन्स्ट्रक्टरचं (ऑब्जेक्टची कॉपी कशी करायची ते ठरवणारा) नावच नाही! असा ऑब्जेक्ट फंक्शनला व्हॅल्यूने पाठवला की कॉपीतही तोच पत्ता जातो, एकच मेमरी दोनदा डिलीट होते आणि प्रोग्रॅम क्रॅश होऊ शकतो. शिकणाऱ्याला हे कळणार कसं? नवीन माणूस इथे स्वतःलाच दोष देत बसतो, म्हणून मला याचा राग आला. व्हेक्टर (स्वतःची मेमरी स्वतःच सांभाळणारी तयार यादी) शेवटी एका वाक्यात उरकलाय, तो खरं तर आधी शिकवायला हवा होता.

चार स्टार देतेय, चारही जावासाठी. सी प्लस प्लसच्या असाइनमेंटमध्ये मी पॉइंटर काढून व्हेक्टर टाकला, डिस्ट्रक्टर लिहायची गरजच उरली नाही आणि क्रॅशही थांबला.