ओईसीडीचा बेटर लाइफ इंडेक्स: खेळायला मस्त, पण आकडे जपून घ्या

विकास फक्त जीडीपीत मोजू नका असं सगळेच म्हणतात, पण मग कशात मोजायचा म्हटलं की गाडी अडते. ओईसीडीने, म्हणजे मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेने, २०११ मध्ये आणलेल्या या ऑनलाइन टूलमध्ये ते ठरवायचं काम तुमच्यावरच सोडलंय, आणि मला हेच जाम आवडलं. घर, उत्पन्न, नोकरी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण असे ११ विषय, प्रत्येकाला ० ते ५ असं महत्त्व द्यायचं की देशांची फुलं वरखाली व्हायला लागतात. एक देश म्हणजे एक फूल, एक विषय म्हणजे एक पाकळी. उत्पन्न शून्यावर आणून काम आणि फुरसतीचा तोल ५ वर नेलात तर अमेरिका धपकन खाली येते, ते बघण्यासारखं आहे. आणि उत्पन्न म्हणजे इथे जीडीपी नाही बरं का, कुटुंबाच्या हातात खरंच किती उरतं ते आणि त्यांची संपत्ती.

आता खटकलेलं. स्कोअर सगळा तुलनेचा आहे, म्हणजे एखाद्या आकड्यात जो देश सगळ्यात मागे त्याला ० आणि सगळ्यात पुढे त्याला १०, मग दोघांत प्रत्यक्षात फरक किरकोळ का असेना, स्क्रीनवर दरीच दिसते. लोकसहभागाच्या पाकळीत मतदानाची टक्केवारी धरलीये, पण ऑस्ट्रेलियात मत देणं सक्तीचं आहे, तिथला आकडा मोठा असणारच ना, त्यात उत्साह किती आणि दंडाची भीती किती हे कसं कळणार?

सगळ्यात मोठी अडचण सरासरीची. आरोग्यात मार खाल्ला तरी उत्पन्नाने भरून निघतं. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकातही आधी असंच चालायचं, २०१० मध्ये त्यांनी साधी सरासरी सोडून गुणोत्तर मध्य (बेरजेऐवजी गुणाकारावरून काढलेली सरासरी) घेतला, आता एक बाजू लंगडी पडली की पूर्ण स्कोअर खाली येतो. इथे ते झालेलं नाही. शिवाय हे सगळं आजच्या जगण्याचं मोजमाप, पुढच्या पिढीसाठी जंगल, पाणी किती शिल्लक ठेवलं ते एकूण गुणांत येतच नाही.

देशही मुख्यतः ओईसीडीचेच, वर ब्राझील, रशिया, दक्षिण आफ्रिका. भारत, चीन शोधू नका.

५ पैकी ३.५ स्टार. वापरताना एकूण क्रमांक सोडा, सरळ पाकळ्या उघडून आतले मूळ आकडे बघा, खरा माल तिथे आहे.