कोटेशनवर 'लो लीकेज', बिलावर नुसता 'डँपर'

१,८२,९०० रुपये. चार डँपरचे, म्हणजे हवेच्या नळीत पाती फिरवून वाट मिटवणाऱ्या झडपांचे. त्यातले जीएसटीचे २७,९०० तरी सरकारजमा झाले असले तर नशीब.

फोंड्यात आमचा लग्नाचा हॉल आहे. पावसाळ्यात हॉल रिकामा असताना बाहेरची ओली हवा डक्टमधून, म्हणजे हवेच्या नळीतून, आत शिरू नये म्हणून मोटरवाले डँपर हवे होते. साधा डँपर १४,५०० ला मिळत होता. मी ३८,७५० चा घेतला, कारण कोटेशनवर 'लो लीकेज, क्लास वन', म्हणजे मिटल्यावर हवा कमी सोडणारा, असं लिहिलं होतं आणि सोबत आम्का या हवेच्या उपकरणांच्या संस्थेच्या ५००-डी चाचणीचं सर्टिफिकेट होतं, शिक्का-सहीसकट. स्वस्ताच्या मागे लागून फसला, असं कुणी म्हणू नये.

बसवताना विक्रेत्याचा माणूस डक्टमध्ये टॉर्च धरून होता. पाती मिटली आणि ती चौकटीला भिडतात तिथे दोन्ही बाजूंना उजेडाची उभी रेघ. मला दिसली! विचारलं, "सील कुठेय?" "साहेब, ते मागाहून लावतो." हातात सर्टिफिकेट असताना टॉर्चवर कोण विश्वास ठेवतो? आणि सील मागाहून लागत नसतं हो. रबरी पट्टी बसली की पाती फिरवायला जास्त जोर लागतो, मोटर आधीच त्या हिशेबाने घ्यावी लागते. सर्टिफिकेटवरचा मॉडेल नंबर डँपरवर शोधा. माझ्या डँपरवर नंबरच नव्हता.

२४ इंची चौकोनी डँपर म्हणजे ४ चौरस फूट. एक इंच पाण्याच्या दाबाला, म्हणजे साधारण २५० पास्कलला, क्लास वन मिटल्यावर फार तर १६ सीएफएम, म्हणजे मिनिटाला १६ घनफूट, हवा सोडतो, क्लास थ्री १६०. असे डँपर पूर्ण हवाबंद नसतात, मान्य. पण आमच्या स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट लावला की मिटलेल्या डँपरमधून वारा लागतो! श्रावणात फॉल्स सीलिंगला बुरशी. रंगाचे ४१,६०० वेगळे.

पोलीस म्हणाले, "डँपर दिले ना? मग दिवाणी मामला." फसवणुकीचं कलम चारशेवीसचं आता तीनशे अठरा झालंय, उत्तर तेच. ग्राहक तक्रारीच्या टेबलावर २०१९ चा कायदा पुढे केला: माल धंद्यासाठी घेतलात, तुम्ही ग्राहकच नाही. स्वतःच्या पोटापाण्याच्या धंद्याला त्यात सूट आहे म्हटलं, तर "हॉलवर नोकर आहेत ना?" कर घेताना मी ग्राहक आहे की नाही हे कुणी विचारलं नव्हतं. शेवटी एका साहेबाने बिल वाचलं. 'मोटराइज्ड डँपर, ४ नग.' "यात लो लीकेज कुठे आहे?" कोटेशन पुढे केलं. "कोटेशन म्हणजे बिल नव्हे." चष्मा काढला, फाइल मिटली, चहा मागवला. स्वतःसाठी.

बिलावर लीकेज क्लास, कोणत्या दाबाला, आणि पात्यांचं व बाजूंचं सील, तिन्ही लिहून घ्या. डँपर मिटवून काळोखात टॉर्च मारा. तोवर शेवटचा हप्ता देऊ नका. मी १,२०,००० आगाऊ दिले होते आणि उरलेले ६२,९०० बसवल्या दिवशीच, कारण मुहूर्त तोंडावर होता आणि तो माणूस शिडी उतरायला तयार नव्हता.

सध्या तो विक्रेता मडगावच्या बाजूला हॉटेलांना कोटेशन वाटतोय, फर्मचं नाव बदलून. 'लो लीकेज' आता लाल अक्षरांत छापतो.