सहा ते चौदा वयाच्या मुलांचा संध्याकाळचा क्रीडावर्ग : जूनपासूनचा अनुभव

रत्नागिरी तालुक्यातील समुद्रकाठच्या आमच्या गावात एक स्थानिक मंडळ 6 ते 14 वर्षे वयाच्या मुलांसाठी आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी दीड तासाचा क्रीडावर्ग चालवते. माझी पाचवीतील मुलगी आणि दुसरीतील मुलगा गेल्या जूनपासून तेथे जात आहेत. पावसाळा, ऑक्टोबरचा उकाडा आणि थंडी असे तिन्ही हंगाम पाहून झाल्यामुळे आता या वर्गाविषयी सविस्तर लिहिता येईल असे वाटते. अशा वर्गांची चौकशी करताना पालक बहुधा प्रशिक्षकाने किती पदके मिळवली आहेत आणि मंडळाची किती मुले जिल्हा पातळीवर खेळली आहेत, हे विचारतात. मला त्याहून महत्त्वाचा वाटलेला प्रश्न साधा आहे : त्या दीड तासात प्रत्येक मूल प्रत्यक्ष किती वेळ हलते आणि किती वेळ रांगेत उभे राहते? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 5 ते 17 वर्षे वयाच्या मुलांना दररोज सरासरी किमान 60 मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल हवी आणि स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस हवेत. शाळेतील शारीरिक शिक्षणाचा तास गणिताच्या उजळणीसाठी वापरला जात असेल, तर ही भरपाई संध्याकाळीच व्हायला हवी.

या कसोटीवर वर्गाची खरी परीक्षा खोखोत झाली. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेला पहिला खोखो विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी जिंकला आणि तेव्हापासून आमच्याकडच्या मुलांनाही ‘खोखोच शिकवा’ असे वाटू लागले. परंतु पारंपरिक नियमांप्रमाणे पाठलाग करणाऱ्या संघातील आठ जण पाटीवर बसतात, एक धावतो आणि बचाव करणारे एका वेळी तीनच मैदानात असतात. वर्गात तीस-पस्तीस मुले असताना असा पूर्ण डाव मांडला, तर निम्म्याहून अधिक मुले कडेला बसून चप्पलांशी खेळत राहतात, आणि सर्वांत लहान मुलांची पाळी तर अंधार पडू लागल्यावर येते. आमच्या सरांनी यावर काढलेला मार्ग मला फार पसंत पडला. ते मैदानाचे तीन लहान तुकडे करतात, प्रत्येक पाटीवर चारच मुले बसवतात, पाळी दोन मिनिटांची ठेवतात आणि बाद झालेल्या मुलाला बाहेर न काढता थेट पाटीवर बसवतात. लहान गटाला तर खोखोच्या आधी महिनाभर केवळ लंगडी, विषामृत आणि साखळी खेळायला दिली गेली. माझ्या मुलाला हे आरंभी बालिश वाटले होते. पण लंगडीने त्याच्या पायांत जो तोल आला, तो पुढे खांबाजवळ वळण घेताना स्पष्ट दिसू लागला.

समुद्रकाठी राहण्याचा लाभ या वर्गाने खरोखर उठवला आहे. गावचे मैदान जांभ्याच्या कातळावर लाल माती पसरून केलेले आहे. तेथे सूर मारताना गुडघा किंवा कोपर सोलले नाही असे मूल विरळाच. म्हणून सूर मारणे मुलांना आधी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, शिकवतात. ओहोटीनंतर उघडी पडलेली ओलसर वाळू धावण्याइतकी घट्ट आणि पडण्याइतकी मऊ असते. माझी मुलगी पहिले काही दिवस सूर मारण्याऐवजी गुडघ्यांवर बसून हात पुढे करीत असे. सरांनी वाळूत पायाने एक रेघ ओढली, पलीकडे ओला गमछा ठेवला आणि ‘छाती टेकली तरच गमछा तुझा’ एवढेच सांगितले. त्या संध्याकाळी ती नखशिखांत वाळूने माखून घरी आली. अर्थात गमछा मिळाला होता.

पुळणीवरील वर्ग कोणत्या दिवशी भरणार, हे मात्र पंचांगावर ठरते. मच्छीमारी करणाऱ्या घरांत भरतीचा जो हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, तोच येथे वापरतात : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती असते, म्हणून त्या दिवसांत वर्ग मैदानावर भरतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे दुपारी साडेअकरा-बाराच्या दरम्यान भरती येऊन गेलेली असते आणि वर्गाच्या वेळी पाणी दूर हटून पुळण ऐसपैस मोकळी होते. महिन्याचे वेळापत्रक या हिशेबाने आधीच कळवले जाते, ही शिस्त मला उल्लेखनीय वाटली. पाण्यात उतरण्यास सक्त मनाई आहे. हातपाय धुण्याच्या निमित्तानेही घोट्यापलीकडे कोणी जात नाही आणि पाण्याच्या बाजूला एक प्रशिक्षक कायम उभा असतो. पोहणे शिकवत नाहीत म्हणून काही पालक नाराज आहेत. उघड्या समुद्रात एवढ्या मुलांना सांभाळण्याइतकी माणसे मंडळाकडे नाहीत, त्यामुळे या नाराजीशी मी सहमत नाही.

पावसाळ्याविषयी मात्र इतके चांगले लिहिता येत नाही. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत मैदान जवळजवळ निरुपयोगी असते, हे मंडळाला माझ्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. तरीही त्या चार महिन्यांसाठी व्यवस्था म्हणजे एक सभागृह आणि तुळईला बांधलेला एकच दोर. दोरीचा मल्लखांब हा बंदिस्त जागेसाठी उत्तम प्रकार आहे, त्याला जागा थोडी लागते आणि हात, पोट, पाठ अशा सर्वांचा कस लागतो, हे सगळे मान्य. परंतु एका दोरावर एका वेळी एकच मूल चढते. अंगठ्याच्या बेचक्यात दोर धरून, अढी मारून, खाली येईपर्यंत दीड-दोन मिनिटे जातात आणि तोवर उरलेली वीस-पंचवीस मुले भिंतीला टेकून बसलेली असतात. सुती दोर दमट हवेत ओलसर राहतो, हाताला कचतो, हे वेगळेच. बाकीच्यांना सूर्यनमस्कार घालायला सांगितले जाई. पण त्यांच्याकडे लक्ष देणारा कोणी नसल्याने चौथ्या-पाचव्या नमस्कारानंतर त्याची दंगामस्ती होत असे. जुलैत एकदा मी घड्याळ लावून पाहिले, तर दीड तासात माझ्या मुलाची प्रत्यक्ष हालचाल वीस मिनिटेही भरली नाही. शुल्क मात्र बारमाही तेवढेच आहे : दर मुलामागे महिना 400 रुपये.

पुरलेल्या मल्लखांबाची स्थिती दिवाळीनंतर बरी झाली. खांब सागवानी आहे, त्याला एरंडेल लावतात, आणि त्याचा वास मुलीच्या कपड्यांतून दोन धुण्यांनंतरही जात नाही, म्हणून जुने कपडे वेगळे ठेवावेत हे उत्तम. खालची गादी जाड आहे व प्रशिक्षक ताई खांबाला खेटून उभ्या असतात. मुलींसाठी ताई असणे ही अनेक घरांच्या दृष्टीने निर्णायक गोष्ट ठरली. आमच्या वाडीतील तीन मुली केवळ त्यामुळे येऊ लागल्या.

स्पर्धांच्या बाबतीत मंडळ संयमी आहे आणि हे संयम टिकवणे सोपे नाही. दहावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळत असल्याने पालकांना प्रमाणपत्राची घाई असते. दहा वर्षांच्या मुलालाही ‘चौदा वर्षांखालील’ शालेय स्पर्धेच्या संघात घ्या, असा आग्रह होतो. सरांनी बारा वर्षांखालील मुलांचा वेगळा निवडसंघ करण्यास नकार दिला, यावर पालकसभेत बरीच आवाजी चर्चा झाली, पण नकार कायम राहिला. निवड झालेली मोठी मुले आठवड्यातून दोन दिवस अर्धा तास अधिक थांबतात. त्यांच्यासाठी इतरांचा वेळ कापला जात नाही.

प्रगतीची नोंद मात्र कोठेच ठेवली जात नाही. ‘खेलो इंडिया’च्या शालेय शारीरिक क्षमता चाचणीत नऊ वर्षांवरील मुलांसाठी 50 मीटर व 600 मीटर धावणे, बसून पुढे वाकणे, पुशअप यांसारखे प्रकार आहेत आणि त्यांना फारसे साहित्य लागत नाही. आमच्या पुळणीवर 600 मीटर मोजून दोन बांबू रोवणे हे दहा मिनिटांचे काम आहे. तीन महिन्यांतून एकदा अशी चाचणी घेऊन वही भरली, तर आपल्या मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी करण्याऐवजी त्याच्याच मागच्या आकड्याशी करता येईल. ही सूचना मी लेखी दिली आहे. उत्तर आलेले नाही.

किरकोळ बाबींत, पिण्याचे पाणी प्रत्येकाने घरून आणावे लागते, प्रथमोपचार पेटी खरोखर भरलेली असते आणि अंधार पडल्यावर मूल कोणाच्या हाती सोपवले याची सही घेतली जाते. मैदानाजवळचे स्वच्छतागृह न वापरण्याजोगे आहे.

नव्याने नाव घालू इच्छिणाऱ्यांनी शक्य असल्यास ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरल्यावर सुरुवात करावी. सात-आठ वर्षांच्या मुलाने पहिले चार महिने भिंतीला टेकून काढले, तर त्याचे मन उडण्याची शक्यता अधिक. आमच्या घरच्या दोघांचेही वर्गाला जाणे सुरू राहील. पुढच्या जूनपर्यंत आणखी दोन दोर बांधण्याचे मंडळाने पालकसभेत कबूल केले आहे. ते तुळईला प्रत्यक्ष लटकलेले दिसेपर्यंत पावसाळ्याचे शुल्क एकरकमी न भरता मी महिन्याच्या महिन्याला भरणार आहे.